साक्षीदाराऐवजी आरोपी करण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
विज्ञान व विधी संयुक्त अभ्यासक्रम,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : अभिरूप न्यायालयातील भूमिका बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : सोमवारची सराव-उलटतपासणी.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. या अभ्यासक्रमात विधी शाखेचे विद्यार्थी वकील होतात व आम्ही तज्ज्ञ साक्षीदार. कारखान्याच्या सांडपाण्याच्या खटल्यातील नमुना मी तपासला. नियमानुसार विरुद्ध पक्षाच्या वकील समोरच्या बाकावर बसून ते पाहत होत्या.

२. या तपासणीत द्रावण फिकट गुलाबी होताच थेंब थांबवावे लागतात. माझे द्रावण गडद झाले. त्या वेळी खिडकीतले ऊन समोरच्या बाकावरून हळूहळू सरकत होते. प्रयोगवहीत त्याच्या नोंदीस रकाना नाही. सरावात मला शपथ देऊन वकीलबाईंनी विचारले, "रंग बदलला तेव्हा आपण नेमकं कुठे पाहत होतात?" खोटे बोलणे शक्य नव्हते, खरे बोलणे त्याहून अशक्य. मागून सहाध्यायी ओरडले, "बोल की रे! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" वकीलबाई हसल्या असाव्यात. परंतु एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे आमचे शास्त्र सांगते.

३. तास संपल्यावर त्यांनीच समजावले, "गप्प राहायचा हक्क आरोपीला असतो, साक्षीदाराला नाही. शुक्रवारी हाच प्रश्न पहिला विचारणार." उत्तर न दिल्यास साक्ष बाद होऊन मी नापास होईन. तेव्हापासून मला आरोपीचा हेवा वाटतो.

४. सबब विनंती की, मला कारखान्याचा मालक करावे. होईल ती शिक्षा मान्य आहे. ते अशक्य असल्यास सदर प्रश्नापुरती सुनावणी बंद दालनात व्हावी. न्यायाधीश व समस्त सहाध्यायी बाहेर असावेत. विरुद्ध पक्षाच्या वकील मात्र आत असणे आवश्यक आहे.

५. अर्जाची प्रत विरुद्ध पक्षास दिल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जात नाही, असे आपल्या लिपिकांनी आत्ताच खिडकीतून सांगितले. आधी कळते तर मी लेखणीच उचलली नसती. आता खाडाखोड केल्यास तो पुराव्यातील फेरफार ठरेल. म्हणून प्रत मी स्वतः नेऊन देत आहे. सही वेडीवाकडी आली आहे, ती माझीच समजावी.

आपला नम्र व तूर्त साक्षीदार,
(सही)
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. तपासणी अहवाल (रंग : गडद).
२. विरुद्ध पक्षाची पोच, त्यांच्याच अक्षरात : "प्रत मिळाली. प्रश्न मागे घेत नाही, फक्त जागा बदलते. आज तास सुटल्यावर, उपाहारगृहात. शपथ लागू राहील."