न उचलायचा फोन

३ मार्च, सकाळ
नातीने, निकीने, मोबाईलमधलं माईकचं बटण दाखवलं. दाबायचं आणि बोलायचं. तो लिहून घेतो. तारीखही स्वतःच टाकतो. मला वाचता येत नाही, तेव्हा हे मीसुद्धा वाचणार नाही. इतकी खासगी डायरी सगळ्या सोनई गावात कुणाची नसेल. खोकले तर तेही लिहितो का, कळायला मार्ग नाही.
आज ठरवलं, इंग्रजी शिकायचं. निकीची दहावी चालूच आहे, तिच्याबरोबर माझीही होऊन जाईल.
छबूचा मिसकॉल आला. उचलला नाही. उचलायचा नसतोच.

४ मार्च
निकी म्हणते, डायरीला सगळं सांगायचं असतं. सांगते.
छबू माझी धाकटी बहीण, कोल्हारला दिलेली. फोनवर बोलायला पैसे पडायचे तेव्हापासूनचा आमचा नियम. सकाळचा चहा झाला की तिने एक रिंग देऊन कापायचा. म्हणजे ती ठीक आहे. मग मी एक रिंग देऊन कापायचा. म्हणजे मीही ठीक. उचलला तर पैसे गेले. आता बोलणं फुकट झालं, तरी नियम तोच.
गेल्या उन्हाळ्यापासून आमचा अबोला आहे. पण मिसकॉल म्हणजे काही बोलणं नव्हे, म्हणून तो चालू.
कारण साधं. तिच्या नातीच्या लग्नात तिने मला आहेरात साडी दिली. ती मीच तिला वास्तुशांतीला दिलेली होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी मांडवातच म्हणाले, माझा माल मला पोचला. तर म्हणते कशी, आक्का, तुझीच निवड हाय, तुला आवडंलच. बायका हसल्या.
चूक तिची. पहिला शब्द तिनेच बोलायचा. मी पक्की आहे.

७ मार्च
निकी घोकत होती, पिकअप. फोन उचलणं म्हणजे पिकअप. माणसाला घ्यायला जाणं, तेही पिकअप. बघून बघून शिकणं पिकअप. आजारी माणूस सुधारला तरी पिकअपच. म्हटलं, आणि तुझ्या बापाची कांद्याची गाडी? हसली. म्हणाली, आजी, ती पण.
एका शब्दात अर्धं इंग्रजी आलं. उरलेलं अर्धं पुढच्या आठवड्यात उरकू.

१० मार्च
मिसकॉल चहानंतर नाही, दुपारी आला. छबू आळशी झाली. चहा उशिरा होत असेल.
आणि एका रिंगवर थांबला नाही. वाजत राहिला. मी ओळखलं, बाई वाकायला लागली. निकी म्हणाली, आजी, पिकअप कर ना. म्हटलं, वाजू दे. जरा कळू दे तिला.

१२ मार्च
पोराला, सूर्यभानला म्हटलं, कांदा घेऊन कोल्हारवरूनच जातोस, एकदा मला पुढच्या सीटवर घे. छबूशी बोलायचं नाही, लांबून बघायचं फक्त. म्हणाला, आई, गाडीला पिकअप राह्यला न्हाई. म्हटलं, पिकअपलाच पिकअप नाही, मग नाव तरी बदला तिचं. सून हसायची ती खाली बघून ताक ढवळत बसली. सूर्यभान अर्ध्या भाकरीवरून उठला.
कांद्याचा भाव पडलाय. पुरुषांना विनोद पचत नाही अशा वेळी.

१५ मार्च
आज पुरा वाजला. थांबला. परत पुरा वाजला. ओट्यावर थरथरत कडेला आला तो मोबाईल. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हाताने फोन उचलू नये.
आता फार दिवस टिकत नाही छबू.
इंग्रजी आज नाही. डोकं जड आहे. ऊन.

१८ मार्च
निकीने आणखी एक अर्थ सांगितला. अर्धवट राहिलेलं काम जिथे थांबलं तिथून पुढे धरायचं, त्यालाही पिकअप म्हणतात. तो आवडला. आधी का नाही सांगितला, विचारलं. म्हणाली, तो पेपरला आला नव्हता.
ठरलं. उद्या उचलायचा. माघार नव्हे, मोठेपणा. वाक्य तयार आहे. काय गं, दुसरी साडी सापडली का? ती काहीतरी टोचून बोलेल. मग आधी ती हसेल, नंतर मी.
ती साडी ट्रंकेतून काढून ठेवली. रंग चांगला आहे. निवड माझीच.

१९ मार्च
साडी नेसून बसले. दुपारी वाजला. उचलला. वाक्य म्हटलं.
पलीकडे धनश्री. छबूची सून. म्हणाली, मावशी, उचललात एकदाचा.
संक्रांतीला छबू चक्कर येऊन पडली. तेव्हापासून बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. सूर्यभान बघून आला होता. आईला इतक्यात नका सांगू, म्हणाला. घरात सगळ्यांना माहीत होतं. निकीलासुद्धा.
मिसकॉल धनश्रीच द्यायची, हातातलं आवरलं की. हल्ली एका रिंगवर कापायला मन होईना, म्हणाली. तुम्ही उचलला असता तर सांगून मोकळी झाले असते, म्हणून वाजू द्यायची.
मी विचारलं, पिकअप होईल ना तब्येत? तिला इंग्रजी समजत नसेल.
मग म्हणाली, फोन देते आईंच्या हातात. श्वास ऐकू आला. म्हटलं, छबे, नेसले बघ मी ती.
फोन कापला गेला.
धनश्रीने लगेच परत लावला. मावशी, मी न्हाई कापला, आईंनीच कापला. बाकी काही आठवत नाही त्यांना, पण फोन हातात दिला की अंगठा बरोबर लाल बटणावर जातो.
म्हटलं, बरोबर आहे तिचं. नियमच आहे तो.
तिला सांगितलं, आता ठेव, आणि मी लावला तर उचलू नकोस.
मग मी एक रिंग दिली आणि कापला.