फवारणीचा क्लास नव्हता

२२ सप्टेंबर २०१७

घोडचूक झाली. कळंबचा आमचा वार्ताहर धर्मपाल — त्याची बातमी अशी होती: तांड्यावरचा रूपसिंग कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनून बेशुद्ध पडला. छापून आलं — 'विष घेऊन आत्महत्येचा प्रयत्न'.

धर्मपाल फोनवर म्हणाला, "सर, मी तं प्रकार 'फवारणी' टाकला होता." पाहिलं. टाकला होता.

२३ सप्टेंबर

आमचं सॉफ्टवेअर करणारी नयन लोहाऱ्याहून आली.

"काका, कोणती बातमी येणार हे प्रोग्रामला आधी माहीत नसतं. वार्ताहर बातमीच्या वर प्रकाराचं नाव टाकतो. त्या नावाचा क्लास, म्हणजे साचा, सापडला की प्रोग्राम त्यातून तिथल्या तिथे ऑब्जेक्ट, म्हणजे त्या बातमीचा सांगाडा, बनवतो. मथळा, ठरलेली वाक्यं, सगळं त्यासोबत येतं."

"आणि त्या नावाचा क्लासच नसला तर?"

"तर जो सगळ्यात जास्त लागतो, तो."

या जिल्ह्यात जास्त लागतो तो आत्महत्येचा.

२४ सप्टेंबर

दुरुस्ती छापली. पान पाच, तळाला.

२६ सप्टेंबर

रूपसिंगची बायको कौसल्या ऑफिसात आली.

"दीर म्हणते, तुह्या कटकटीनंच प्याला तो. मले खाटेजवळ जाऊ नाही देऊन राह्यले. काहून असं छापलं, साहेब?"

दुरुस्ती दाखवली.

"हे बारकं कोन वाचते? तो शुद्धीवर आला का खरं काय ते सांगनच. पंप पाठीवरच होता त्याच्या."

चहा मागवला. तिनं घेतला नाही. ती गेल्यावर तडक संपादकांकडे गेलो.

२७ सप्टेंबर

नयननं 'फवारणी विषबाधा' असा नवा क्लास केला. ठरलेली वाक्यं माझ्याकडून घेतली. शेवटचं होतं — 'प्रकृती स्थिर असून उपचार सुरू आहेत.' रूपसिंगची बातमी परवाच्या अंकात पहिल्या पानावर नव्यानं घ्यायला संपादक तयार झाले. कौसल्येला निरोप पाठवला.

२८ सप्टेंबर

रूपसिंग पहाटे गेला. शुद्धीवर आलाच नाही. कौसल्येच्या बाजूनं सांगणारं आता कोणी नाही.

बातमी नव्या प्रकारात टाकली. तयार होऊन आली — प्रकृती स्थिर.

नयनला फोन केला. ती म्हणाली, "याच्या खाली मृत्यूचा वेगळा क्लास काढावा लागेल, काका. काढू?"

काढ म्हणालो.