आल्माच्या नावाचे टाके

मी, वर्निस लिंडक्विस्ट, कै. कार्ल लिंडक्विस्ट यांची पत्नी, वय एकोणसत्तर, राहणार रेड विंग, मिनेसोटा. पाहुण्यांची सरबराई कशी करावी, हे मी वर्तमानपत्रातून वर्षानुवर्षे लोकांना शिकवले. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचे रद्द समजावे.

१. घर व बँकेतील शिल्लक पुतण्या रॉय यास द्यावी. अट एकच, ती शेवटी आहे.

२. चांदीची दोन मेणबत्तीदाने मिसेस थेल्मा हॅग यांस. कार्ल गेल्यावर तिच्याकडून जेवणाचे एकही आमंत्रण आले नाही. विचारले तर म्हणाली, "बोलावणारच होते गं, पण एकटी बाई आली की टेबलाभोवतीच्या नवरा-बायकोंच्या जोड्या बिघडतात. तूच नाही का लिहिलं होतंस?" लिहिले होते खरे. मेणबत्तीदाने जोडीनेच आहेत, तिची अडचण होणार नाही.

३. जेवणाचे टेबल व त्यावरची पांढरी चादर माझी धाकटी बहीण आल्मा हिला. आमच्याकडे जेवलेल्या प्रत्येकाने त्या चादरीवर पेन्सिलीने सही केली आणि आल्माने ती दोऱ्याने भरली. वाचकांना वाटे, मीच भरते. मला सुई धड धरता येत नाही.

आल्माचा नवरा युद्धात मारला गेला. तेव्हापासून माझ्या मेजवान्यांना ती राबायची आणि स्वयंपाकघरातच जेवायची. एकदा म्हणाली, "वर्निस, एक खुर्ची जास्त मांडलीस तर छत कोसळेल का गं?"

मी म्हटले, "लोक माझं सदर वाचतात, आल्मा."

त्या चादरीवर सगळ्या गावाची नावे आहेत, तिचे नाही. याचे मला फार वाईट वाटते.

मी एकटी पडले तेव्हा दर शनिवारी तिनेच जेवायला बोलावले. "कोपरं टेकून जेव. इथे कोणी छापत नाही." माझ्या टेबलाशी येऊन बस म्हणून मी किती विनवले! "त्या खोलीची भूकच मेली गं माझी," एवढेच म्हणाली.

म्हणून या हिवाळ्यात माझ्या खुर्चीसमोरच्या रिकाम्या जागी तिचे नाव मी स्वतः भरले आहे. टाके वाकडेतिकडे आले आहेत, आणि आल्माला वाकडा टाका बघवत नाही.

अट अशी: ती येईपर्यंत रॉयने चादर टेबलावरून काढू नये, धुवायलाही तिच्याकडे पाठवू नये. उसवून नीट करायचे तर तिला तिथे बसावेच लागेल. बसली की रॉयने गरम कॉफी द्यावी आणि घाई करू नये.

सही: वर्निस लिंडक्विस्ट
साक्षीदार: हॅरल्ड नीस, शेजारी, इंगा सॉल्बर्ग, पाद्रींची पत्नी
रेड विंग, ४ मार्च १९६७