निळीच्या रांजणाची सुधारणा

सोमवार, ५ मे
मुख्याध्यापिका शोडेके मॅडमनी सांगितलं: शुक्रवारच्या प्रदर्शनात पाचवीने निळीचा प्रयोग धड दाखवला, तरच रंगांचा तास माझ्याकडे. नाहीतर शिवणाच्या बाईंकडे. वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. तास जाणार नाही.

मंगळवार, ६ मे
आल्हाजा मुतियातकडून तयार निळीचा रांजण आणला. इतोकु बाजारात तिच्या तीन पिढ्या कापडं रंगवतात. निळीत घालायचं राखेचं पाणी जमलं की नाही, हे बाई जिभेवर घेऊन ठरवते. लिटमस कागद दाखवला, तर म्हणाली, मास्तर, जिभेला काय झालंय तुमच्या? निघताना बजावलं, आत काही घालू नका, रांजण जिवंत आहे. जिवंत म्हणे. याच अंधश्रद्धेशी तर माझा लढा आहे.

बुधवार, ७ मे, सकाळी ८
रांजणाला वास. शिवणाच्या बाईंनी मुद्दाम आवाज करून खिडकी लावली.

१०.३०
लाल लिटमस बुडवला. निळा झाला. म्हणजे राखेचा क्षार. मुलांच्या हातांना धोका. लिंबू पिळून सौम्य करायचं ठरवलं.

१२.१५
एकोणीस लिंबं. कागद अजून निळाच. पाचवीतलीच आल्हाजाची नात रफिआत म्हणाली, सर, नीळ आहे ती, जे बुडवाल ते निळंच होणार. पोरगी चुणचुणीत आहे, पण पाया कच्चा. आणखी लिंबं मागवली.

२.००
त्रेचाळीस. बाजारातली संपली. सौम्य झालं असं जाहीर केलं.

गुरुवार, ८ मे
सराव. कापड बाहेर काढलं की आधी हिरवं आणि हवा लागताच निळं व्हायला हवं. आमचं राखाडी निघालं. नळाखाली धरलं, पांढरं. मुलांना समजावलं: पांढऱ्यात सगळे रंग असतात, म्हणजे आपण निळ्याच्या पुढे गेलो. रफिआतने विचारलं, मग त्यातला निळा कुठे गेला? तेवढ्यात तास संपला. जाताना म्हणाली, सर, रांजण मेला. आजीला सांगू? म्हटलं, काही गरज नाही. पांढरं कापडच मांडणार. माघार नाही.

शुक्रवार, ९ मे
परीक्षकांनी विचारलं, हे रंगवायचं बाकी आहे का? म्हटलं, रंगवून झालंय. त्यांनी चष्मा पुसला.
रफिआतने आजीला सांगितलंच होतं. आल्हाजा दुसरा रांजण घेऊन हजर. मुलांनी कापड बुडवलं. हिरवं, मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं. रफिआतने दोन्ही रांजण दाखवले: हा जिवंत, हा सरांनी लिंबू पिळून मारलेला, म्हणून आम्हाला कळलं की निळीला आंबट चालत नाही. पहिला नंबर.
परीक्षकांना सांगितलं, तुलनेसाठी बिघडलेला नमुना लागतोच, तो मी पुरवला. त्यांनी लिहून घेतलं नाही.

सोमवार, १२ मे
शिवणाच्या बाईंना तास मिळाला नाही. म्हटलंच होतं. आल्हाजाला मिळाला. मॅडम म्हणाल्या, तुम्ही मदतीला बसा. म्हणजे देखरेख माझीच.

गुरुवार, १५ मे
आल्हाजाचा पहिला तास. नवा रांजण लावायचा होता. मुलं पानं कुटत होती. मी देखरेख सुरू करणार, तोच म्हणाली, मास्तर, पाणी आणा. सहा बादल्या आणल्या. सातवी ठेवली, तर तिने आत वाकून वास घेतला. विचारलं, यात काही पिळलं तर नाही ना? नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती बादली अंगणात ओतून दिली.