नव्या कुलपाची दुसरी किल्ली

अहो,

दुसरं काय म्हणू? घटस्फोट होईपर्यंत कागदोपत्री तुम्ही नवराच आहात. दाराचं कुलूप बिघडलं, म्हणून मी नवं बसवलं, तर माझ्या वकीलबाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, "घर दोघांच्या नावावर आहे, बाई! त्यांना किल्ली द्यावीच लागेल."

घ्या की! माझं काय जातंय? पण जुन्या कुलपाशी तुमची खडखड सुरू झाली की मी चहा टाकायचे. हे मेलं आवाजच करत नाही. तुम्ही वेगळे राहायला गेलात, तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दाराशी जाते.

किल्ली वकीलबाईंच्या हाती देतेय. हे पत्र मात्र माझ्यापाशीच राहील. कायद्यानं तुम्ही सरळ आत येऊ शकता. पण आलात, तर बेल वाजवा. दार मला उघडायचंय.

अजून तरी,
तुमचीच