तांड्यावरच्या बायकांनी वाचवलेला तास

मुकुटबन, रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

आज भलताच खूश आहे मी. काटकसर म्हणून शाळेच्या गाण्याच्या तासाचा पैसा वरून बंद झाला, तेव्हा तो तास टिकवायला गावानेच तिकीट लावून जलसा ठेवला. मैदान भरलं, आणि वणीहून येणारे गवईबुवा आलेच नाहीत! पाटील म्हणाले, "मास्तर, आता पैसे वापस करा लागते."

तेवढ्यात लमाण तांड्यावरची झुमकीबाई उठली, मागे आठ-दहा बायका. "वापस कायले करता? आमी गातो ना. पन माह्या नातीले तुमच्या तासाले बसवा लागन."

मी लगेच हो म्हटलं. पण आजवर तांड्यावरच्या एकाही पोरीला मी का विचारलं नाही? हे टोचतंय.

त्या फेर धरून त्यांच्या गोर बोलीत गायल्या. मी पेटीवर साथ करायला गेलो, तर सूरच सापडेना. चौदा वर्षं शिकवतोय, आणि सूर सापडेना! शेवटी पेटी मिटून टाळ्या वाजवत बसलो. लोक त्यांना सोडायलाच तयार नव्हते. पाटील हसत म्हणाले, "या सालाचं भागलं मास्तर. तास चालू ठेवा."

निघताना मी झुमकीबाईला म्हटलं, "ती चाल मला शिकवाल?"

"या ना मंगळवारी. पन आमी बसून नाई शिकवत. फेरात नाचा लागते."

या वयात, या गुडघ्यांनी? पण जाणार.