अकरा अंगठ्यांचा कागद

मी, इर्मा ली टॉलिव्हर, वय तेवीस, राहणार पेटवे क्रॉसिंग, मिसिसिपी, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहिते. धाक आहे, पण हे त्याने लिहवून घेतलेले नाही.

कालच आई म्हणाली, "चार वर्षं शिकलीस ती मरणाचे कागद लिहायला?"
"कागद लिहिला म्हणून मरण येत नाही, आई."
"नाही लिहिला म्हणून थांबतही नाही," म्हणत तिने इस्त्री उचलली.

१. माझी पुस्तके मैत्रीण वर्डेल हिला. निळा कोट धाकट्या बहिणीला. बाह्या आखूड कराव्यात.

२. पदवीचा झगा आमच्या गिलियड विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. विटलो यांना. सरकार म्हणते, जमीन आमची, विद्यापीठ बंद करू. पण गुलामीतून सुटलेल्या अकरा कुटुंबांनी ती दिली, 'आमची मुले शिकतील तोवर' या अटीवर. त्या दानाचा मूळ कागद मला चर्चच्या पेटीत सापडला. त्यावरचा शेवटचा अंगठा माझ्या पणजोबांचा. मोठ्या अभिमानाने मी तो आधी डॉ. विटलोंना दाखवला. ती माझी चूक. ते म्हणाले, "मुली, आपले पगार सरकार देते." दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराच्या फाटकासमोर हिरवा ट्रक उभा राहू लागला.

३. सोमवारी ट्रकमधल्या माणसाने टोपी उचलून विचारले, "गुरुवारी कितीच्या बसने निघणार, मिस टॉलिव्हर?" या गावात गोऱ्या माणसाने आमच्यातल्या कुणाला कधी 'मिस' म्हटलेले नाही. मी खरी वेळ सांगितली.

४. उद्या जिल्ह्याच्या गावी न्यायालयात या जमिनीची सुनावणी आहे. मी त्याच बसने जाईन, चामडी पिशवी छातीशी धरून. पिशवीत मक्याची भाकरी असेल, दुसरे काही नाही. दर गुरुवारी आई त्याच गावी गोऱ्यांच्या घरी धुतलेले कपडे पोचवते. कागद तिच्या टोपलीत, चादरींच्या तळाशी आहे. धोबिणीकडे कोणी पाहत नाही.

५. मी न्यायालयात पोचले नाही, तर कोणीही मला शोधायला थांबू नये. आधी आईला न्यायालयात न्यावे.

६. कागद कोणी आणला, याची तिथे नोंद होईल. कारकून सवयीने शाईची गादी पुढे करील. आईने अंगठा देऊ नये. या हिवाळ्यात मी तिला सही शिकवली आहे. वेळ लागतो, तिला घाई करू नये.

हा लखोटा आमच्या चर्चचे डीकन पेटवे यांच्याकडे राहील. मी पोचले नाही असे कळताच फोडावा; परतले, तर न फोडता जाळावा.

पेटवे क्रॉसिंग, बुधवार, ८ एप्रिल १९६४
इर्मा ली टॉलिव्हर

साक्षीदार:
डीकन हायरम पेटवे
वर्डेल गेन्स